वराडकर आपला, मग गजापूरकर कोणाचा?

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्या मराठी वृत्तपत्रांना आनंदाचे भरते आले. मराठमोळा पंतप्रधान काय, कोकणचा सुपुत्र काय! आनंदाला आमची हरकत नाही. पण हा सुपुत्र जन्मला डब्लिनला, १९७९ साली. वडील डॉक्टर अशोक वराडकर, घराणे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. ते १९६०च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे आयरिश परिचारिका मिरियम यांच्याशी लग्न झाले आणि पुढे संसार आयर्लंडात मांडला. मुलगा तिथेच शिकला, डॉक्टर झाला, निवडून आला. तरी आडनावाच्या शेपटीला असलेल्या एका 'कर'ने तो आपला ठरला.

ठरू द्या. मग राजापूरकर, मालगुंडकर अशी आडनावे लावणारा कोकणातला मुसलमान कोण? त्याचा 'कर' कमी वजनाचा आहे काय? मी मलकापूरची. शाहूवाडी तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका सहकाऱ्याने विचारले, "मॅडम, मूळच्या कुठल्या?" मलकापूर सांगितले. "तसं नव्हे, त्याच्या आधी?" माझ्या पणजोबांची कबर इथे आहे, आता आणखी किती आधी जाऊ?

लिओंचा कौतुकसोहळा करणाऱ्यांनी त्यांची कारकीर्द तरी नीट वाचली का? ११ जून २००४ रोजी ते स्थानिक निवडणुकीत निवडून आले. त्याच दिवशी आयर्लंडात सार्वमतही झाले. परदेशी आईबापांच्या पोटी तिथे जन्मलेल्या मुलाला केवळ जन्माच्या जोरावर नागरिकत्व मिळू नये, असा कौल शंभरातल्या सुमारे ७९ मतदारांनी दिला. लिओंची आई आयरिश, म्हणून त्यांना झळ नव्हती. २००७ मध्ये ते संसदेत गेले. २००८ साली मंदी आली, तेव्हा विरोधी बाकांवरून याच गृहस्थांनी सुचवले, की बेकार झालेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता हातात द्यावा आणि मायदेशी धाडावे. स्थलांतरित बापाचा मुलगा हे बोलला! आपल्याकडच्या कौतुकाच्या लेखांत हे वाचल्याचे मला आठवत नाही.

पुढे ते परिवहन, आरोग्य, समाजसंरक्षण अशी खाती सांभाळत वर चढले. आपली मुलगी म्हणावी अशी बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ साली गॅलवेत गर्भपाताला नकार मिळाल्यामुळे जिवाला मुकली. त्या कायद्यामागची घटनादुरुस्ती मे २०१८च्या सार्वमताने रद्द झाली, तेव्हा पंतप्रधान लिओ होते आणि त्यांनी रद्द करण्याच्या बाजूने प्रचार केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या एका शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर परदेशी असल्याची कुजबुज पसरली आणि जमावाने बसगाड्या पेटवल्या, दुकाने लुटली. दुसऱ्याच दिवशी लिओंनी बजावले, की या लोकांनी डब्लिनला आणि देशाला लाज आणली. मंत्री तोलायचा तो अशा प्रसंगी. एप्रिल २०२४ मध्ये ते पायउतार झाले, तेव्हा या कामाचा हिशेब मराठीत मांडावा असे फारसे कुणाला वाटले नाही.

आणि आपले राज्य तरी कुठले? इथे १९९९ साली सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर एक नवा पक्ष उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाबरोबर सत्तेत जाऊन बसला! परदेशात जन्मलेली, पण इथे हयात घालवलेली बाई परकी. परदेशात जन्मून तिथेच राहिलेला लिओ मात्र आपला.

डिसेंबर २०१९ आठवा. नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला तो महिना. त्याच महिन्याच्या अखेरीस लिओ वराडला आले, गावाने वाजतगाजत स्वागत केले. त्या दिवसांत आमच्या शाळेत पालक आजोबांचा दाखला मागायला येत होते. जनरल रजिस्टरची जुनी पाने हाताळताना तुटत होती. जन्मस्थळाच्या रकान्यात मलकापूर, बांबवडे, आंबा हीच गावे. तिकडे आजोळपणजोळ शोधत आलेल्या पाहुण्याला हार, इकडे सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांना धाकधूक.

१४ जुलै २०२४ला विशाळगडावरील अतिक्रमणाच्या वादातून जमाव आला आणि गडापासून दूर गजापूरच्या मुसलमानवाडीत मशीद, घरे, गाड्या फोडून गेला. वाद गडावरच्या बांधकामांचा, मार खाल्ला गजापूरने. हे तेच गजापूर, जिथल्या खिंडीचे नाव मराठी मुलाला चौथीतच पाठ होते. तिथली माणसे पाहुणी कधी झाली?

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. वाचकांना राग आला तरी चालेल. २०१६ साली सादिक खान लंडनचे महापौर झाले, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत जो हर्ष झाला, तो वराडच्या हर्षाहून वेगळा होता काय? त्यांच्या कारभाराशी आपल्याला देणेघेणे नव्हते, नाव पुरले. आणि आपल्यातली किती घराणी अजून सांगतात, की आमचे पूर्वज बगदादहून आले, इराणहून आले, आम्ही इथल्या बाटलेल्यांतले नव्हे? शिकलगार, बागवान, पिंजारी यांच्याकडे सोयरीक करताना नाक मुरडायला हीच वंशावळ उपयोगी पडते. बाहेरचा माणूस 'तुम्ही बाहेरून आलात' म्हणतो, तेव्हा आपण चिडतो. पण निकाहाच्या बैठकीत तेच वाक्य आपण मोठ्या तोऱ्याने बोलतो. शिजरा चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलेला असतो आणि शाहूवाडीतल्या जमिनीचा उतारा ट्रंकेच्या तळाशी. डिसेंबर २०१९ मध्ये तो ट्रंकेतला कागदच शोधावा लागला होता, भिंतीवरचा कुणी मागितला नव्हता.