निरंक म्हणजे नाही नव्हे

मागच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना आटोपली आणि मुलांचा वर्ग सुरू झाला. विषय होता कालामांना तथागतांनी केलेला उपदेश. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथावर किंवा गुरूच्या शब्दावर डोळे मिटून विसंबू नये, स्वतः पारखून मगच स्वीकारावे, असा त्याचा सारांश मी सांगितला. तेवढ्यात नववीतला एक मुलगा उठला. त्याने मोबाईलवर कुठेतरी काही पाहिले होते. म्हणाला, "काका, अमेरिकेत खेड्यातली माणसं सांगतात, आम्ही कूगर पाहिला. सरकार म्हणतं, इथे कूगर नाहीच. मग कुणाचं खरं मानायचं?"

मोठी माणसे हसली. कुठला कूगर आणि कुठला कालाम! मला मात्र हसू आले नाही. प्रश्न अगदी वर्गाच्या विषयाला धरून होता. उत्तर लगेच सुचले नाही म्हणून पुढच्या रविवारचा वायदा केला आणि आठवडाभर जे मिळेल ते वाचले. तेच आज या सदरात मांडतो.

कूगर हा मांजराच्या कुळातला मोठा प्राणी. प्यूमा आणि माउंटन लायन ही त्याचीच नावे. बिबट्याइतका किंवा थोडा मोठा, पण मोठेपणी अंगावर ठिपके नाहीत. रंग हरणासारखा भुरा, शेपूट लांब आणि जाड. वाघासारखी डरकाळी त्याला फोडता येत नाही, तो मांजरासारखा घुरघुरतो. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत तो आढळतो. एके काळी अमेरिकेच्या पूर्व भागातही तो सर्वत्र होता. पुढे युरोपातून आलेल्या लोकांनी तिथली जंगले तोडली, हरणे मारून संपवली आणि कूगर मारणाऱ्याला सरकारी इनाम लावले. एकोणिसावे शतक सरता सरता पूर्वेकडून तो जवळजवळ नाहीसा झाला. फ्लोरिडाच्या दलदलीत तेवढे थोडे उरले. ते सोडले तर पूर्वेकडचा शेवटचा खात्रीचा कूगर १९३८ साली मेन राज्यात मारला गेला.

तरीही माणसे सांगत राहिली. कुणाला शेताच्या कडेला दिसला, कुणाला रस्ता ओलांडताना दिसला. खात्याचे उत्तर ठरलेले होते. या राज्यात कूगरची वस्ती नाही, तुम्ही रानमांजर, कोल्हा, नाही तर मोठा कुत्रा पाहिला असेल. फारच झाले तर, कुणीतरी पाळलेला सुटला असेल.

अधिकाऱ्यांचा हा संशय अगदीच वावगा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. लोकांनी पाठवलेल्या फोटोंत पुष्कळदा घरचे मांजर निघाले. काळाकुळकुळीत कूगर पाहिल्याचे सांगणारेही पुष्कळ. प्रत्यक्षात काळ्या कूगरचा एकही पक्का पुरावा आजवर जगात मिळालेला नाही. अंधार, अंतर आणि भीती ही तिन्ही एकत्र आली की डोळा फसतो. माणूस खोटे बोलत नसतो, पण त्याला दिसलेले खरे असतेच असे नाही. त्यात अफवेची भर. हरणे कमी करण्यासाठी खात्यानेच गुपचूप कूगर आणून सोडले, असेही लोक बोलू लागले. दाद मिळाली नाही की माणूस सहसा गप्प बसत नाही. तो तर्क लढवतो, आणि तर्काची अफवा व्हायला वेळ लागत नाही.

आता २०११ सालची हकीकत ऐका. त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने जाहीर केले की पूर्वेकडचा कूगर नामशेष झाला आहे. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराजवळच्या कनेक्टिकट राज्यात, ग्रीनिच गावी, लोकांनी कूगर पाहिल्याचे कळवले. आणि ११ जूनला त्याच राज्यात मिलफर्डजवळ हमरस्त्यावर एका मोटारीची धडक बसून एक प्राणी मेला. तो कूगर होता. चांगला ६४ किलोंचा नर!

मेलेले जनावर समोर पडल्यावर 'नाही' म्हणणे शक्य नव्हते. तरीही पहिला अंदाज तोच, पाळलेला सुटला असेल. मग तपासणी झाली. त्याची नखे काढलेली नव्हती, खच्चीकरण केलेले नव्हते, कातडीखाली मालकाची ओळख सांगणारी चिप नव्हती. उलट कातडीत साळिंदराचे काटे सापडले. म्हणजे तो रानात राहून आलेला होता. मोंटाना राज्यातल्या सरकारी प्रयोगशाळेत त्याच्या पेशींची डीएनए तपासणी झाली. तो पश्चिमेकडच्या साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरातल्या कूगरांच्या वंशाचा निघाला. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या वाटेवरच्या राज्यांत २००९ आणि २०१० मध्ये एका कूगरचे नमुने जपून ठेवले होते, त्यांच्याशी याचा डीएनए तंतोतंत जुळला. हे जनावर पंधराशे मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे २४०० किलोमीटर चालत आले होते. मुंबईहून रेल्वेने हावड्याला जायला साधारण दोन हजार किलोमीटर पडतात. त्याहूनही हे अंतर जास्त.

तो एवढा का चालला? वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख आणि मादी शोधावी लागते. ती मिळेना म्हणून तो पूर्वेकडे चालत राहिला. बिचाऱ्याला पुढे कुणीच भेटणार नव्हते.

वाचकहो, या प्रकरणात खरे कोण ठरले? पाहणारे खरे ठरले, कारण कूगर आला होता. खात्याचेही एक म्हणणे टिकले, कारण तिथे कूगरची वस्ती सापडली नाही, आला तो एकटा वाटसरू. 'इथे राहत नाही' हे खरे होते, पण त्यावरून 'तुम्हाला दिसलाच नाही' हे ठरत नव्हते. शिवाय सत्य शोधले ते सरकारी प्रयोगशाळेनेच, आणि लपवले नाही. वाटेवरच्या राज्यांत नमुने कुणीतरी उचलून, नोंद करून ठेवले होते म्हणूनच हे शक्य झाले.

मिशिगन राज्याची गोष्ट याच्या पुढची. तिथला शेवटचा रानटी कूगर १९०६ साली मारला गेला होता. २००८ पासून खात्याने लोकांकडून येणारे फोटो आणि ठसे तपासायला सुरुवात केली. खोटे वगळले, खरे मान्य केले. तरी पिलांचा पुरावा नव्हता. अखेर मार्च २०२५ मध्ये त्या राज्याच्या उत्तर भागात दोन पिले सापडली, सात ते नऊ आठवड्यांची. शंभरहून अधिक वर्षांनी! आता मात्र 'वाटसरू' म्हणून भागणार नव्हते.

मी कारकून आहे. आमच्या कचेरीत दर महिन्याला अहवाल जातात. एखाद्या रकान्यात काही नसेल तर आम्ही तिथे 'निरंक' लिहितो. निरंकचा खरा अर्थ एवढाच की आमच्या वहीत नोंद नाही. पण कागद वर वर जाऊ लागला की अर्थ बदलतो. तालुक्याला 'नोंद नाही' असते, जिल्ह्याला 'तक्रार नाही' होते आणि मुंबईला पोहोचेपर्यंत 'असे काही घडतच नाही' होते! अमेरिकेतल्या कूगरचे हेच झाले. आपल्या वस्त्यांचे तर कितीतरी बाबतीत हेच होत आले आहे.

आपल्याकडे कूगर नाही, पण बिबट्या आहे. तो जंगलातच राहतो, उसात दिसला तर वाट चुकलेला, अशीच समजूत होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. दाट वस्तीच्या त्या शेतशिवारात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास बिबटे निघाले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'आजोबा' या बिबट्याची गोष्ट तर २०१४ च्या मराठी चित्रपटामुळे घरोघर पोहोचली. २००९ मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले होते. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या उशाला आला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला. कनेक्टिकटचा कूगरही त्याच वर्षी, तसाच गेला.

माझी एक मावशी उसाच्या पट्ट्यातल्या गावात राहते. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिने एकदा पहाटे बांधावर बिबट्या पाहिला. गावात सांगितले तर चेष्टा झाली. "म्हातारीला कुत्रं दिसलं असंल." आठवड्याने तिची शेळी गेली. कळवल्यावर माणूस आला तो तिसऱ्या दिवशी. तोवर पाऊस पडून गेलेला. ठसे नाहीत, पंचनामा नाही, भरपाई नाही. पुढच्या महिन्यात एका बागायतदाराचे वासरू गेले, तर त्याच दिवशी गाडी आली आणि चौथ्या दिवशी पिंजरा लागला. बिबट्या तोच, शिवारही तेच. मावशीची शेळी मात्र आजही कागदावर निरंक आहे.

मग पुरावा मागणाऱ्यांवर आपण रागवावे काय? नाही. पुरावा मागणे हे आपलेही हत्यार आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर विरोधकांनी बाबासाहेबांवर दावा लावला की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याचा रिवाज पुरातन आहे. दावा दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा पुरातन रिवाज सिद्ध झालेला नाही. परंपरेच्या मोठ्या आवाजाला पुरावा मागितला आणि तो आवाज बसला. तेव्हा पुराव्याचे वाकडे आपल्याला नाही. एकाच्या शेळीला पुरावा मागायचा आणि दुसऱ्याच्या वासराला न मागता धावायचे, हे मात्र चालणार नाही.

आपण रोज वंदनेत धम्माचा एक गुण म्हणतो, एहिपस्सिको. या आणि पाहा. ज्याला शंका आहे त्याने खुशाल शंका घ्यावी, पण मग खुर्चीवरून उठून पाहायला यावे. न पाहता 'नाही' म्हणणे ही अंधश्रद्धाच, मग ती शिक्का मारलेली का असेना.

आणि आपण काय करावे? जनावर दिसले तर तारीख, वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवा. ठशाशेजारी नाणे ठेवून फोटो काढा. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत. पाऊस येण्याची लक्षणे असतील तर ठशावर घमेले पालथे घाला. वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय दारातून हलू नका. आणि पाहिले तेवढेच सांगा. शेपूट दिसली असेल तर शेपूट म्हणा, अख्खा बिबट्या म्हणू नका. एक वाढीव शब्द पुढच्या दहा खऱ्या माणसांना खोटे पाडतो.

उद्या रविवारी त्या मुलाला हेच सांगणार आहे. बाळ, सांगणारा खेडूत आहे की साहेब आहे, हे पाहू नकोस. कोण जागेवर गेला आणि काय घेऊन परतला, ते विचार. आणि मुलांच्या वर्गासाठी यंदा एक नवी वही घालतो आहे. वस्तीत जे जे घडेल ते तारखेसह तिच्यात लिहायचे. पहिली नोंद मावशीच्या शेळीची.

जय भीम.