उड्डाण रोखण्याचा अधिकार कुणाचा?



खासगी कंपनीचे एखादे अंतराळ उड्डाण पुढे ढकलले गेले की आपल्या बातम्यांत लगेच ‘मुहूर्त हुकला’, ‘नामुष्की’ अशी भाषा सुरू होते. जून २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांच्या ॲक्सिअम-४ मोहिमेच्या तारखा बदलत गेल्या तेव्हाही तेच झाले. या सुराला माझा ठाम विरोध आहे. ते प्रक्षेपण रोखले गेले, ही त्या मोहिमेतली भारतासाठी सर्वांत आश्वासक गोष्ट होती आणि नेमकी तीच दोन ओळींत गुंडाळली गेली.

त्या मोहिमेसाठी निवडलेल्या फाल्कन-९ रॉकेटचा खालचा टप्पा आधी एकदा उडून परत आलेला होता. त्या परतीच्या वेळीच त्यात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली होती. पुढच्या उड्डाणाच्या तयारीत तिची पुरती दुरुस्ती झालीच नाही. ८ जूनला सात सेकंदांची इंजिन-चाचणी झाली तेव्हा ती पुन्हा दिसली. स्पेसएक्सचे बिल गर्स्टेनमायर यांनी पत्रकार परिषदेत हे मोकळेपणाने सांगितले. गळती चालूच राहिली तर धोका कमी करणारी व्यवस्था बसवत आहोत, असेही ते म्हणाले. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांचे सहकारी तेव्हा फ्लोरिडातच होते. चर्चेअंती ठरले ते असे: गळती आधी काढायची, चाचणी घेऊन खात्री करायची, मगच उड्डाण. हा आग्रह इस्रोने धरला होता, हे नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. ११ जूनची तारीख गेली. पुढे अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातील गळतीच्या तपासणीत आणखी दिवस गेले आणि २५ जूनला यान निघाले.

मी उभी नोकरी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात केली. जोडावर साबणाचे पाणी लावायचे, आत दाब द्यायचा आणि नजर रोखून बसायचे. एक बारीक बुडबुडा आला की नग बाजूला. महिनाअखेरीला डिस्पॅचचा माणूस डोक्यावर उभा असतो, ट्रक दारात असतो आणि ‘एवढ्याने काय होतंय, साहेब’ हे वाक्य ठरलेले असते. तपासणारा आणि माल पाठवणारा एकाच वरिष्ठाच्या हाताखाली असले की ते वाक्य हळूहळू जिंकते. म्हणून माझा मुद्दा दिरंगाईचा नाहीच. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे आणि तो वापरण्याइतकी माहिती त्याच्यापाशी आहे का, हा आहे.

बोइंगच्या स्टारलायनर यानाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. २०१४मध्ये नासाने अंतराळवीरांची ने-आण करण्याचे ठरलेल्या रकमेचे कंत्राट दोन कंपन्यांना दिले: बोइंगला सुमारे ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. २०१७पर्यंत दोन्ही याने तयार होतील, अशी अपेक्षा होती. बोइंग जुनीजाणती, म्हणून सगळ्यांची नजर नवख्या स्पेसएक्सवर. डिसेंबर २०१९मध्ये माणसांविना उडालेल्या स्टारलायनरचे घड्याळ ११ तासांनी चुकले, यानाने भलत्याच वेळी इंधन खर्च केले आणि ते स्थानकापर्यंत पोचलेच नाही. उड्डाण चालू असतानाच सॉफ्टवेअरमधली दुसरी चूक सापडली. ती राहिली असती तर परतीच्या वेळी यानाचे दोन भाग एकमेकांवर आदळू शकले असते. बोइंगने सॉफ्टवेअरची चाचणी उड्डाणापासून स्थानकाला जोडणीपर्यंत सलग घेतलीच नव्हती, तुकड्यातुकड्यांत घेतली होती. तिथे आपली पुरेशी माणसे नव्हती, हे नासाच्या अधिकाऱ्यांनी पुढे मान्य केले.

ऑगस्ट २०२१मध्ये उड्डाणाच्या तोंडावर १३ व्हॉल्व्ह अडकले. नायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि फ्लोरिडाची दमट हवा एकत्र आली की आम्ल तयार होते आणि ते धातू खाते. हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. समुद्रकाठी जायचा व्हॉल्व्ह दमट हवेत किती दिवस उभा राहील, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न होता. मे २०२२मध्ये यान स्थानकावर पोचले खरे, पण वाटेत काही थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिने, बंद पडले. त्याचे मूळ कारण पक्के कळण्याआधीच पुढची पायरी ठरली आणि जून २०२४मध्ये सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर त्यात बसले. हेलियमची एक गळती उड्डाणापूर्वीच माहीत होती. ती मर्यादेत आहे, असे ठरले. स्थानकाजवळ पोचताना २८पैकी ५ थ्रस्टर बंद पडले. नंतर जमिनीवरच्या चाचण्यांत दिसले की उष्णतेने टेफ्लॉनचे एक छोटे सील फुगते आणि इंधनाची वाट अडवते.

इथे आपली वर्तमानपत्रे ‘सुनीता अडकली’ या मथळ्यात रमली. ८ दिवसांचा मुक्काम २८६ दिवसांचा झाला, हे खरेच. पण २४ ऑगस्टला नासाने बोइंगचे म्हणणे बाजूला ठेवून दोघांनाही त्या यानातून परत न आणण्याचा निर्णय घेतला. तो दिवस मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत चांगला दिवस वाटतो. यान ६ सप्टेंबरला रिकामेच निघाले आणि न्यू मेक्सिकोत सुखरूप उतरले. त्यावरून ‘उगाच घाबरले’ असे म्हणणारेही निघाले. निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तोलायचा असतो, आणि त्या दिवशी थ्रस्टर परतीच्या वाटेवर साथ देतील अशी खात्री कुणीही देऊ शकत नव्हते.

सरकारी संस्था जात्याच सावध असतात, असे मी म्हणत नाही. नासाच्या कोलंबिया यानाच्या टाकीवरचा फेस आधीच्या उड्डाणांतही सुटत होता. तरीही याने परत येत राहिली, म्हणून ते चालवून घेतले गेले. १ फेब्रुवारी २००३ला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत सांध्यांच्या सीलबद्दल हरकत घेतली होती, ती बाजूला सारली गेली. उलट स्पेसएक्सची क्रू ड्रॅगन कुपी एप्रिल २०१९मध्ये जमिनीवरच्या चाचणीत फुटली. कंपनीला ते अडचणीचे होते, पण दोष माणसे बसण्याआधी बाहेर आला आणि मे २०२०मध्ये तीच रचना दुरुस्त होऊन दोन अंतराळवीरांना घेऊन गेली.

ठरलेल्या रकमेच्या कंत्राटामुळे करदात्याचा पैसा वाचतो, हे मला मान्य आहे. स्टारलायनरचा वाढीव खर्च बोइंगलाच सोसावा लागला. पण प्रत्येक लांबलेला महिना कंपनीच्या खिशातून जात असेल तर ‘चालेल’ म्हणण्याचा मोह कंपनीत वाढणारच. मग तपासणारा कंपनीबाहेरचा, जाणकार आणि हट्टी हवा.

आपल्याकडे २०२०नंतर अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, त्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आली. अग्निकुल या खासगी कंपनीने श्रीहरिकोट्यात आपले रॉकेट उडवण्याआधी अनेकदा उड्डाण थांबवले आणि ३० मे २०२४ला ते यशस्वी केले. अशा तरुण कंपन्यांची प्रत्येक रद्द तारीख आपण हसण्यावारी नेली तर पुढच्या वेळी त्या तारीख पाळतील आणि दोष झाकतील. त्याऐवजी बातमीदारांनी दोष काय होता, तो कुणी पकडला आणि आधीच्या चाचणीत तो का सुटला, हे विचारावे.

सरकारकडे माझी मागणी एवढीच आहे. भारतीय माणूस ज्या खासगी यानात बसेल त्याच्या करारात आपल्या अभियंत्यांना चाचण्यांची सगळी नोंद पाहण्याचा आणि उड्डाण रोखण्याचा हक्क लेखी असावा. ॲक्सिअम-४साठी आपण ५०० कोटी रुपयांहून अधिक मोजले. त्या करारात असे कलम होते, की इस्रोचे म्हणणे केवळ चर्चेतल्या वजनामुळे मानले गेले, हे संसदेत स्पष्ट व्हावे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक