ज्यांचे फोटो निघाले नाहीत, त्यांची चित्रं कोण काढणार?

मित्रांनो, आपल्या घरातला सगळ्यात जुना फोटो कुठला, ते एकदा बघा. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. पण आजोबांचा फोटो? असलाच तर कुठल्यातरी सरकारी अर्जासाठी काढलेला, पासपोर्ट साइजचा. आजी तरुणपणी कशी दिसायची, हे तिच्या नातवंडांना माहीत नाही. ज्यांच्या वाड्यांत कॅमेरा आला, त्यांचा इतिहास अल्बममध्ये राहिला. आपला इतिहास तोंडातोंडी राहिला आणि तो सांगणारी माणसं आता एकेक करून चालली आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आंबेडकरी तरुणांनी आपापल्या घरची गोष्ट घेऊन अ‍ॅनिमेशनची छोटी फिल्म स्वतः बनवावी. दोन-तीन मिनिटांचीच. निर्मात्याची, अनुदानाची, कुणाच्या शाबासकीची वाट न बघता.

काही कार्यकर्ते लगेच म्हणतील, "चळवळीत आता कार्टून काढायचंच राहिलं होतं का?" त्यांना माझा उलट प्रश्न आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार झाला. यातलं किती चित्रण तुमच्याकडे आहे? जाळणारा कॅमेरा घेऊन येत नाही आणि ज्याचं घर जळतं त्याच्याकडे कॅमेरा नसतो. १९७८ ला वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरीच्या घरात आहे. अजून दहा वर्षांनी आपण कुणाला विचारणार?

लातूरकरांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. पण आदल्या रात्रीपर्यंत उभी असलेली आपली वस्ती कशी होती? आड कुठे होता, समाजमंदिर कुठे होतं, कुणाच्या दारात कोण बसायचं? कॅमेरा ढिगारा दाखवू शकतो, गेलेलं गाव दाखवू शकत नाही. ते आठवणीतून काढावं लागतं. अ‍ॅनिमेशन नेमकं हेच काम करतं.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. अत्याचाराच्या खटल्यातला आपला साक्षीदार आरोपीच्याच गावात राहतो. त्याचा चेहरा दाखवला तर आपण उद्या घरी जाऊ, पण त्याला तिथेच राहायचं असतं. डेन्मार्कमध्ये २०२१ साली 'फ्ली' नावाची अ‍ॅनिमेशन फिल्म झाली. अफगाणिस्तानातून जीव वाचवून पळालेल्या एका माणसाची ती खरी कहाणी. त्याचं नाव बदललं, चेहरा चित्रातला ठेवला, पण हकिकत त्याच्याच तोंडून ऐकवली. ऑस्करची तीन नामांकनं तिला मिळाली. साक्ष खरी आणि साक्षीदार सुरक्षित, हे आपल्या किती उपयोगाचं आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

आणि स्वतःची गोष्ट सांगणं आपल्याला नवीन आहे का? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं. म्हणजे बाहेर वस्त्या जळत होत्या, त्याच काळात आपली माणसं स्वतःचं जगणं कागदावर उतरवत होती. तेव्हा "हे कसलं साहित्य?" असं विचारणारे होते. आज "ही कसली फिल्म?" असं विचारणारे असतील. विचारू द्या.

आता पैशाचा आणि शिक्षणाचा मुद्दा. एनआयडीत, मुंबई आयआयटीच्या आयडीसीत अ‍ॅनिमेशन शिकवतात. तिथे आपल्या राखीव जागा आहेत, त्या सोडू नका. पण प्रवेश मिळाला तरच चित्र काढीन, ही अट कशाला? मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म हाताने रंगवून काढली. एक एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, एवढाच विषय. २००६ साली ती कानच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात पुरस्कार घेऊन आली. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने 'अवे' ही पूर्ण लांबीची फिल्म एकट्याने केली. पुढे २०२५ मध्ये त्याच्या 'फ्लो' ला ऑस्कर मिळालं, ती ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनली होती. 'फ्लो' च्या मागे टीम होती, मोठा पैसा होता, हे लपवायचं कारण नाही. पण तिथे पोचण्याआधी तो एकटाच बसला होता, हेही तितकंच खरं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतलं वाटाण्याचं रोप एकेक चौकट घेत टिपलं आणि ते पडद्यावर वाढताना दाखवलं. आज तुमच्या मोबाइलमधलं स्टॉप मोशन अ‍ॅप तेच करतं. फाळक्यांच्या हातून पुढे पुराणं पडद्यावर आली. तंत्र कुणाच्या मालकीचं नसतं, ज्याच्या हातात जातं त्याची गोष्ट ते सांगतं. आपली पोरं 'छोटा भीम' बघत मोठी झाली. भिवा रामजी शाळेत गोणपाटावर बसायचा, ते हलतं चित्र त्यांच्यासाठी कोण काढणार?

करायचं कसं, तेही सांगतो. आधी आवाज घ्या. आजीला, मामाला त्यांच्या बोलीत बोलू द्या. देगलूर-उदगीरकडची बोली असेल तर तशीच ठेवा, पुस्तकी करू नका. खोलीत आवाज घुमत असेल तर आजूबाजूला गोधड्या टांगा. त्यातली दोन-तीन मिनिटं निवडा, मग कोणत्या वाक्याला काय दिसेल याची चौकटींची वही करा. सेकंदाला बारा चित्रं धरली तर तीन मिनिटांना २,१६० चित्रं लागतात. आकडा बघून घाबरू नका. एकच चित्र दोन सेकंद स्थिर ठेवता येतं, कागदाचे हातपाय कापून सरकवता येतात, मागचं घर एकदाच काढून पुन्हा पुन्हा वापरता येतं. मोबाइल हलणार नाही असा बांधा, खिडकी झाकून एकाच बल्बच्या उजेडात काम करा. संगणकावर काढायचं तर क्रिता फुकट आहे. काम दोन ठिकाणी साठवा. कुणाचं गाणं परवानगीशिवाय लावू नका. आणि ज्याची गोष्ट आहे त्याला फिल्म सगळ्यांच्या आधी दाखवा. तो नको म्हणाला तर तो भाग काढून टाका.

"एआयला सांगितलं की मिनिटात चित्र मिळतं," असं कुणीतरी म्हणेलच. मिळतं. पण तुमची आजी त्याने पाहिलेली नाही. तो कुठलीतरी म्हातारी देईल. ज्यांचे चेहरे आधीच पुसले गेलेत, त्यांच्या जागी खोटे चेहरे बसवायचे का? वेडंवाकडं असलं तरी तुमच्या हातचं चित्र चालेल.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींनो, अभ्यास सोडा असं मी म्हणत नाही. डॉक्टर व्हाच. पण वहीच्या मागच्या पानावर तुम्ही जे काढता ते फालतू नाही. रविवारचे दोन तास त्याला द्या. आणि फक्त अत्याचारच दाखवला पाहिजे असंही नाही. आईचा पहिला पगार, वसतिगृहातली पहिली रात्र, जयंतीच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली गर्दी, हाही आपला इतिहास आहे.

शेवटी जयंती मंडळांना विनंती. १४ एप्रिलला चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यावर पुढाऱ्यांचे आणि आपले फोटो असतात आणि आठवड्यात ते फाटतात. यंदा एक फ्लेक्स कमी लावा. ते पैसे वस्तीतल्या चित्र काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या आणि तयार झालेली फिल्म बुद्धविहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवा. समोर पहिल्या रांगेत वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बसवा. आपलं आयुष्य पडद्यावर आलेलं त्यांनी डोळे मिटायच्या आधी बघितलं पाहिजे.

जय भीम!