भात सोडा, चालत जा. आणि स्नायूंचे काय?

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या गेटवर आमच्या वस्तीतले एक काका बारा तासांची ड्युटी करतात. पन्नाशीच्या आतले, अंगाने काटकुळे, दिवसातला बराच वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर. उपाशीपोटी साखर निघाली २१०. दवाखान्यातून दोन सल्ले घेऊन आले: भात सोडा, रोज चाला. चालायचे कुठे? मेट्रोच्या खांबांमधून, कंटेनरच्या धुरात? ते एक असो. हातापायाच्या काड्या झालेल्या माणसाला स्नायू वाढवायला कोणीच कसे सांगितले नाही, हा आमचा प्रश्न आहे.

त्याच टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये जिम आहे. तिथे मधुमेह असलेल्या साहेबांना ट्रेनर डंबेल उचलायला लावतो. त्या जिमची किल्ली काकांकडे असते. आजार एकच, पण एकाला वजन आणि दुसऱ्याला उपास.

स्नायू म्हणजे पैलवानकी, पोरांची हौस, असे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही वाटते. वास्तविक जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच आटले तर साखर रक्तात फिरत राहते. शिवाय काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधील नवजात बाळांतही त्यांच्या गटाला हेच दिसले: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटात असतानाच्या कुपोषणाशी हे संशोधन त्याचा संबंध जोडते. आता सांगा, ज्या घरांत आजी-पणजीने पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्या घरातल्या काटक्या माणसाला 'कमी खा' एवढेच सांगून कसे भागेल?

बैठकीत मांडले की आपलीच माणसे म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हा समज आम्हाला जास्त घातक वाटतो. धुणीभांडी करणाऱ्या ताई रोज तेच वजन, त्याच वाकलेल्या कमरेने उचलतात. त्यात मालकाचे काम होते आणि गुडघे झिजतात. स्नायू वाढायला भार हळूहळू वाढवावा लागतो आणि मध्ये विश्रांती लागते. राबण्यात या दोन्हीवर राबणाऱ्याचा ताबा नसतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप नसे. पुढे ते इन्शुलिन घेत होते. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, पण त्यांच्या आजाराबद्दल किती वेळा बोलतो? आणि १४ एप्रिलला केक, सरबत, गुलाबजाम वाटताना रांगेतल्या किती जणांना साखर आहे, हे कोण विचारतो?

जिमची फी नको. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याचे पाच लिटरचे कॅन उचलणे. पंधरा वेळा सहज जमू लागले की भार वाढवायचा. श्वास कोंडायचा नाही, पायात बूट हवेत. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आधी साखर तपासा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. ७० च्या खाली गेली की व्यायाम थांबवून ती लगेच खा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जड वजन उचलू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती खायची हेही डॉक्टरांनाच विचारा.

कारण प्रथिनांशिवाय हे सगळे फुकट. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या आसपास. डब्याचे प्रोटीन विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. सुकट, चणे, अंडी पुरेशी आहेत. पण ताटाचेही राजकारण आहेच. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आले, २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. लोकसहभागातून द्या म्हणे! ज्या वयात स्नायू घडतात त्या वयात अंडे काढायचे आणि चाळिशीत 'चाला' म्हणायचे.

काका आता दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन विहाराच्या पायऱ्या चढतात. १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले होते. काकांचा आठवडा अजून ७२ तासांचा आहे. आठ तासांची पाळी आणि ड्युटीनंतर अर्धा तास ती जिम रखवालदारांना खुली करावी, असे पत्र आम्ही सोसायटीला दिले आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत, ज्यांना यायचे त्यांनी सकाळी विहारात जमावे.