‘अति घाई संकटात नेई’. पण घाई कोणाची? (थ्रेड)

१/ आपल्या घाटरस्त्यांवर एक पाटी हमखास भेटते : ‘अति घाई संकटात नेई’. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. घाई करणारा त्यात दिसतो. घाई करायला लावणारा दिसत नाही. अपघातांचा इतिहास लिहिताना आपणही बहुधा या पाटीपाशीच थांबतो. विमानांच्या देखभालीतील तीन प्रकरणांच्या आधारे याविषयी थोडे.

२/ १० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे उड्डाण बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धेअधिक विमानाबाहेर ओढले गेले. केबिन कर्मचारी नायजेल ऑग्डेन यांनी धावत येऊन त्यांना घट्ट धरून ठेवले.

३/ सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला सुखरूप उतरवले. ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी, सारे वाचले, लँकेस्टरसुद्धा. समाजमाध्यमांवर ही कथा नेहमी इथेच संपते. शौर्य खरेच आहे, त्याला नमस्कार. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम इथून मागे जाण्याचे आहे.

४/ ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत बदलण्यात आली होती. मनुष्यबळ अपुरे होते. विमान वेळेत तयार व्हावे म्हणून पाळीच्या व्यवस्थापकाने पहाटे हे काम स्वतःच अंगावर घेतले. जुने बोल्ट काढले आणि तसेच नवे शोधण्यासाठी तो निघाला. भागांची सूची मात्र त्याने उघडली नाही.

५/ भांडारातील माणसाने योग्य बोल्टचा क्रमांक त्याला सांगितला होता. तरीही, जुने बोल्ट इतकी वर्षे टिकले, तर तसेच घ्यावेत, असे त्याने ठरवले. पुरेसे बोल्ट तिथे नव्हते. मग दुसऱ्या ठिकाणी, मंद उजेडात, नजरेने जुळवून त्याने बोल्ट निवडले. ९० पैकी ८४ बोल्टचा व्यास सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी भरला. उरलेले ६ लांबीला अपुरे होते.

६/ या विमानाची काच बाहेरून बसवली जाई. उंचीवर आतील हवेचा दाब तिला बाहेर ढकलतो. म्हणजे सारा भार बोल्टवर. असे असूनही हे काम दुहेरी तपासणीच्या यादीत नव्हते. ज्याने काच बसवली, त्यानेच ‘काम ठीक’ म्हणून सही केली. दुसऱ्या डोळ्यांची सोय व्यवस्थेने ठेवलीच नव्हती.

७/ आता सर्वांत बोलका तपशील. काढलेल्या जुन्या बोल्टपैकी बहुतेक बोल्टसुद्धा चुकीचेच होते : व्यास बरोबर, पण लांबी कमी. विमान त्यांच्यासह चार वर्षे उडत होते. जुनी चूक पचली, म्हणून ती प्रमाण ठरली. आणि नव्या चुकीने तिचेच बोट धरले. न झालेला अपघात हा सुरक्षिततेचा पुरावा नसतो.

८/ दुसरे प्रकरण : २५ मे १९७९, शिकागो. अमेरिकन एअरलाइन्सच्या १९१ क्रमांकाच्या उड्डाणाचे, डीसी-१० विमानाचे, डावे इंजिन उड्डाण घेतानाच पायलॉनसकट गळून पडले. अर्ध्या मिनिटात विमान कोसळले. विमानातील २७१ आणि जमिनीवरील २, असे २७३ जण मृत्युमुखी पडले.

९/ इंजिनाला पंखाशी जोडणारा सांगाडा म्हणजे पायलॉन. आधी इंजिन उतरवावे, मग पायलॉन, ही निर्मात्याने शिफारस केलेली रीत. कंपनीने दोन्ही एकत्र, फोर्कलिफ्टवर पेलून उतरवण्याची रीत स्वीकारली. सोडवायच्या जोडण्या ७९ वरून २७ वर आल्या; दर विमानामागे सुमारे २०० मनुष्य-तास वाचले. त्या खटाटोपात पायलॉनच्या मागील भागाला तडा गेला.

१०/ इथे कोणा एका थकलेल्या कामगाराची डुलकी नाही. घाई इथे कागदावर आखलेली, कार्यपद्धतीचे रूप घेतलेली आहे. दिवसाउजेडी मंजूर झालेल्या घाईला आपण ‘कार्यक्षमता’ म्हणतो. वाचलेले तास हिशेबात लगेच दिसतात; पडलेला तडा दिसत नाही.

११/ तिसरे : ११ सप्टेंबर १९९१, टेक्सास. काँटिनेंटल एक्स्प्रेसचे २५७४ क्रमांकाचे उड्डाण हवेतच मोडले, १४ मृत्यू. आदल्या रात्री एका पाळीने शेपटीच्या आडव्या पंखाच्या डाव्या कडेवरील ४७ स्क्रू काढले होते. पुढच्या पाळीपर्यंत ती माहिती पोहोचली नाही. स्क्रू परत बसलेच नाहीत आणि सकाळी विमान सेवेत रुजू झाले.

१२/ तपास मंडळाच्या बहुमताने दोष ठेवला तो देखभाल व तपासणी कर्मचाऱ्यांवर, तसेच त्यांच्यावरील देखरेखीवर. मंडळाचे एक सदस्य जॉन लाउबर यांनी मात्र भिन्नमत नोंदवले : नियम पाळले जातील अशी कार्यसंस्कृती वरिष्ठ व्यवस्थापनाने घडवलीच नाही, हेही कारणांत लिहिले पाहिजे. माझ्या मते या प्रकरणातील इतिहासदृष्टी असलेला कागद हाच.

१३/ कोणी म्हणेल, मग व्यक्तीची जबाबदारी उरतच नाही का? उरते. बर्मिंगहॅमच्या त्या व्यवस्थापकाला योग्य क्रमांक सांगितला गेला होता. त्याने तो डावलला. हे झाकण्याचे कारण नाही. पण त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवा : तीच अपुरी पाळी, तोच मंद उजेड, तीच एकट्याची सही. धोका किती कमी झाला?

१४/ पानिपतचा पराभव एका माणसाच्या एका निर्णयावर ढकलणारी मांडणी दिसली, की आपण लगेच रसद, यात्रेकरूंचा भार, उत्तरेतील मित्रांची वानवा यांची आठवण करून देतो. हाच न्याय हँगरमधील अनाम माणसाला का नको? सेनापतीला परिस्थिती आणि कामगाराला मात्र चूक, हा पंक्तिप्रपंच इतिहासलेखनाला शोभत नाही.

१५/ ‘मानवी चूक’ हा तपासाचा निष्कर्ष नव्हे, आरंभ आहे. पुढचे प्रश्न साधे आहेत : वेळ कोणी ठरवली? माणसे किती होती? वाचलेल्या तासांचा लाभ कोणाला झाला? आणि ‘थांबा, हे आज होणार नाही’ असे म्हणणाऱ्याचे काय झाले असते?

१६/ शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर अपघातापूर्वीही शोधता येते. पुढच्या वेळी अपघाताची बातमी वाचताना घाई करणाऱ्याच्या नावापाशी थांबू नका. घाटातील पाटी अर्धीच लिहिलेली आहे. उरलेली ओळ आपण शोधायची आहे.

(थ्रेड समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.)