एबीएसचा दिवा विझत नाही, म्हणून सिस्टीमच काढून टाकायची का?

चावी फिरवली की डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद पेटतो आणि विझतो. तो विझला नाही, तर गॅरेजमध्ये दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, स्कॅनर लावून दोष शोधू. दुसरा, ‘ब्रेक लागतायत ना? मग कशाला खर्चात पडता, बायपास करून टाकू.’

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झालं. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि त्यातल्या अनेक आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींनाही त्याच सुमारास एबीएस आलं, आणि सगळ्याच नव्या दुचाकींना ते लावण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. म्हणजे हा पिवळा दिवा आता महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही.

एबीएस नेमकं काय करतं?

जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं. जाम झालेलं चाक रस्त्यावर नुसतं घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंगचं काही ऐकू येत नाही. पावसाळ्यात खंबाटकी किंवा आंबोली घाट उतरताना समोर अचानक ट्रक थांबला, तर चालक स्टिअरिंग फिरवतो पण गाडी सरळच जाते. एबीएस हे टाळतं. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. एखादं चाक जाम होतंय असं दिसलं की कंट्रोल युनिट त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडतं, पुन्हा देतं, पुन्हा सोडतं. हे सगळं एका सेकंदात अनेक वेळा. तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे. पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

‘एबीएसमुळे गाडी लवकर थांबते’ हे अर्धंच खरं आहे. ओल्या डांबरावर बहुतेकदा लवकर थांबते, पण सुट्या खडीवर किंवा वाळूत उलट थोडी लांब जाऊन थांबू शकते. एबीएस काढा म्हणणाऱ्यांचा हा एकच मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ऑफरोड शर्यतीतल्या गाडीचा हिशेब रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला लावण्यात अर्थ नाही.

दिवा पेटला म्हणजे मोठा खर्च?

बऱ्याचदा नाही. ‘एबीएस गेलं’ म्हटल्यावर मालकाच्या डोळ्यासमोर मुख्य मॉड्यूलचं बिल येतं. दोष मात्र पुष्कळदा चाकाजवळच असतो. सेन्सरवर चिखल बसलेला असतो, सेन्सरसमोरची दातेरी रिंग गंजलेली किंवा तडकलेली असते, नाहीतर वायर उंदरांनी कुरतडलेली असते. बॅटरी अशक्त असली तरी दिवा पेटू शकतो. एक गमतीदार कारण मेकॅनिकच्या हातून घडतं. आजच्या अनेक गाड्यांत ती रिंग चाकाच्या बेअरिंगमध्येच चुंबकीय पट्टीच्या रूपात असते. बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरला चाक फिरलेलं कळतच नाही. मग बेअरिंग बदलल्यावर एबीएस ‘अचानक’ बिघडतं आणि दोष मॉड्यूलवर ढकलला जातो.

म्हणून पहिलं काम स्कॅनर लावून कोड वाचण्याचं. कोणत्या चाकाचा सिग्नल येत नाही हे त्यात दिसतं. मॉड्यूल खरंच गेलं असेल तर खर्च मोठा असतो, हे मान्य. पण सेन्सरचं काम असताना मॉड्यूल बदलायला लावणं किंवा सगळी सिस्टीमच काढायला सांगणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

मॉड्यूल बिघडण्यामागे एक दुर्लक्षित कारण ब्रेक ऑइलचं आहे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर त्यातल्या पाण्याने मॉड्यूलमधल्या बारीक व्हॉल्व्हना गंज धरतो. कोकणातल्या दमट हवेत याकडे जास्त लक्ष हवं.

काढल्यावर गाडी ‘जुन्यासारखी’ होते?

बायपासचा सगळा युक्तिवाद या एका समजावर उभा आहे. पूर्वी गाड्यांना एबीएस नव्हतं, तरी त्या थांबायच्याच. मग काढलं तर काय बिघडलं?

ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागे तेवढाच दाब गेला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. जुन्या गाड्यांत हे टाळण्यासाठी मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. एबीएस आल्यावर बहुतेक कंपन्यांनी तो काढला, कारण तेच काम एबीएसचं मॉड्यूल करू लागलं. जाहिरातीत एबीएसच्या शेजारी लिहिलेलं ‘ईबीडी’ ते हेच.

आता मॉड्यूल काढून ब्रेकचे पाइप थेट जोडले, तर त्या गाडीत ना ईबीडी राहतं, ना जुना व्हॉल्व्ह. जुन्या गाडीपेक्षाही ती धोक्याची होते. गाडीत ईएससी असेल, तर घसरणारी गाडी सावरणारी ती यंत्रणाही सोबत जाते, कारण ती याच मॉड्यूलमधून चालते.

सेन्सर बिघडलेलं एबीएस तसंच ठेवलं तर साधे ब्रेक चालू राहतात आणि अनेक गाड्यांत ईबीडीही काम करत राहतं. म्हणजे पेटलेला पिवळा दिवा घेऊन सांभाळून गॅरेजपर्यंत जाणं हे बायपासपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मात्र पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर ईबीडी गेलेलं असू शकतं किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. तेव्हा गाडी पुढे न्यायची नाही, टोइंग बोलवायचं.

कंपन्या स्वतः काय करतात?

सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत ३३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्ये ऑइल गळून शॉर्टसर्किट होण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं गेलं. इतका गंभीर दोष असूनही उपाय एबीएस काढण्याचा नव्हता. कंपन्यांनी त्याचा फ्यूज बदलून द्यायचं ठरवलं. (फ्यूजने मूळ गळती थांबत नाही, ही टीका झाली आणि ती रास्तच होती.)

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्षात रस्त्यावर हे कोणी पकडेल अशी शक्यता कमीच, कारण आरसीवर एबीएसचा उल्लेख नसतो. अडचण अपघातानंतर सुरू होते. सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि मॉड्यूलच्या जागी थेट जोडलेले पाइप दिसले, तर विमा कंपनीच्या हातात आयतंच कारण मिळतं.

ब्रिटनमध्ये एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. आपल्याकडे खासगी मोटारीची फिटनेस तपासणी थेट १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. तोवर कोणी विचारत नाही.

जुनी गाडी घेताना

याचा फटका बसतो तो पुढच्या मालकाला. दुरुस्ती टाळून दिव्याची वायर तोडलेली किंवा ती दुसऱ्या दिव्याला जोडलेली गाडी बाजारात येऊ शकते. ओळखणं सोपं आहे. चावी ‘ऑन’वर आणा, इंजिन सुरू करू नका. एबीएसचा दिवा पेटलाच पाहिजे. तो पेटलाच नाही, किंवा तेलाच्या दिव्याबरोबर हुबेहूब त्याच क्षणी पेटतो-विझतो, तर स्कॅनर लावल्याशिवाय विसार देऊ नका. स्कॅनरला एबीएसचं मॉड्यूल सापडतच नसेल, तर बॉनेटखाली ते आहे का, तेवढं डोळ्यांनी पाहून घ्या.