रिटायरला किती राहिले?

मनमाडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वय विचारून बघा. "रिटायरला अजून सहा वर्षं आहेत," असं उत्तर यायची शक्यता जास्त! गावच तसं आहे. जंक्शन, पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना, एफसीआयची गोदामं, पानेवाडीचे तेल डेपो... सगळं रुळांच्या आधाराने उभं राहिलेलं. १९३८ साली बाबासाहेब आंबेडकर ज्या रेल्वे कामगारांच्या परिषदेचे अध्यक्ष होते, ती भरली होती इथेच.

त्यात ३१ मे हा आपल्याकडचा एक अजब दिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना १ जून ही जन्मतारीख चिकटवली, अशी एक अख्खी पिढी आहे. साठ पूर्ण होतील त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्याच महिन्याच्या शेवटी, असा नियम. त्यामुळे ३१ मेला हार, शाल, श्रीफळ, पेढे आणि भाषणं यांची नुसती गर्दी. आणि प्रत्येक भाषणात एक ठरलेलं वाक्य : "आता मस्त आराम करा."

माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

माझे पप्पा मालगाडीचे गार्ड होते. २०२२ पासून या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण आमच्या गल्लीत ते गार्डसाहेबच राहिले. गार्डचं आयुष्य कॉलवर चालतं. पूर्वी कॉलबॉय येऊन दार वाजवायचा, नंतर फोन यायला लागला. रात्री दोनला कॉल आला की उठायचं, आंघोळ, डबा, चाललं. दिवाळी असो की मुलाचा वाढदिवस. तीस-पस्तीस वर्षं दुसरं कुणीतरी ठरवत होतं की हा माणूस कधी उठणार, कधी जेवणार, कधी झोपणार. आमच्या भाषेत सांगायचं तर ही इंटरप्टवर चालणारी सिस्टीम. इंटरप्ट बंद केले म्हणून अशी सिस्टीम आराम करत नाही. ती नुसती वाट बघत बसते.

निवृत्तीनंतर कित्येक महिने पप्पा रात्री डबे खडखडले की जागे व्हायचे. "रिकामे टँकर चाललेत पानेवाडीला," एवढं म्हणून परत कुशीवर. कॉल येणार नाही हे डोक्याला माहीत होतं, अंगाला माहीत नव्हतं.

आणि आई? ती तर रिटायर झालीच नाही! उलट तिच्या स्वयंपाकघरात चोवीस तासांचा इन्स्पेक्टर आला. "गॅस आधीच बारीक करायला हवा होता," हे वाक्य तिने एका आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी म्हणाली, "तुम्ही लायनीवर होता तेच बरं होतं." हसण्यावारी गेलं खरं, पण त्यात तथ्य आहे. पुरुषाच्या निवृत्तीचा हिशेब करताना घरातल्या बाईचा दिवस कसा बदलणार, हे कुणी धरतच नाही.

आम्ही आयटीवाले नोकरी बदलतो तेव्हा दोन-तीन महिने नोटीस पिरियड असतो, केटी असते, रडत-खडत का होईना हँडओव्हर होतो. निवृत्त होणाऱ्याला फॉर्म कुठे भरायचे ते सांगतात. १ जूनच्या सकाळी उठून काय करायचं, ते नाही सांगत.

आता पैशांचं. इथे मला माझ्या वयाच्या मंडळींशी भांडायचं आहे.

वडील निवृत्त होणार म्हटलं की पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या डोक्यात एक गणित सुरू होतं : फ्लॅटचं डाऊन पेमेंट. आईवडीलही स्वतःहून म्हणतात, "आम्हाला काय करायचेत एवढे पैसे?" पण ते पैसे काय आहेत ते एकदा नीट बघा. मूळ पेन्शन महिना ४०,००० रुपये धरू. त्यातला जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो, म्हणजे १६,०००. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी गुणक ८.१९४. म्हणजे १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४, साधारण १५ लाख ७३ हजार एकरकमी मिळतात. बदल्यात पुढची पंधरा वर्षं दरमहा १६,००० कमी. महागाई भत्ता पूर्ण ४०,००० वर मिळतो हे खरं, पण कापलेला भाग पूर्ववत होतो तो पंचाहत्तरीत.

म्हणजे ही रक्कम बक्षीस नाही. वडिलांनी स्वतःच्या म्हातारपणातून घेतलेली उचल आहे. ती आपल्या फ्लॅटमध्ये घातली की पंच्याहत्तर वर्षांपर्यंत आपला ईएमआय ते भरणार आणि वर सातबाऱ्यासारखं नाव आपलं!

"शेवटी सगळं मुलांचंच ना?" असेल. पण 'शेवटी'. मधली वीस-पंचवीस वर्षं त्यांची आहेत. हातात स्वतःचे पैसे असलेला म्हातारा आणि मुलाकडे औषधाला पैसे मागणारा म्हातारा यांच्या आवाजात फरक असतो. पप्पांनी मला विचारलं होतं, "तुला लागतील का?" मी नाही म्हणालो. माझा फ्लॅट दोन वर्षं लांबला. लांबू दे. त्यांनी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले (२०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली). दर तीन महिन्यांनी व्याज येतं.

दुसरं भांडण "इकडेच या राहायला" या आग्रहाबद्दल. मनमाडमध्ये राहणं सोपं होतं असं कोण म्हणेल? कित्येक वर्षं नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी यायचं. पण तिथे पप्पांना ओळखणारी माणसं आहेत, रेल्वेचा दवाखाना आहे, स्टेशन आहे. आमच्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर ते 'बी विंगमधले अंकल' होतात. आजारपण आलं, एकटेपण आलं तर जरूर आणावं. पण आपली अपराधी भावना कमी व्हावी म्हणून त्यांना उपटून आणू नये.

मग मुलांनी करायचं काय? निवृत्तीच्या दोन वर्षं आधी बोलायला सुरुवात करा. पेन्शनचं खातं आईबरोबर संयुक्त आहे का, पीपीओवर तिचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते बघा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, तो त्यांना *स्वतः* करायला शिकवा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे दहा वेळा सांगा.

आणि एखादं खरं काम त्यांच्याकडे जाऊ द्या. पप्पा आता गल्लीतल्या तीन विधवा बायकांचे फॅमिली पेन्शनचे कागद बघतात. बँकेत जातात, अर्ज लिहितात, साहेबांशी भांडतात. महिन्यातून दोन-तीनदा फोन वाजतो, "गार्डसाहेब, जरा येता का?"

आणि ते लगेच निघतात. आराम वगैरे काही नाही.